इंग्रजींतील कठीण शब्द व त्यांचे अर्थ

इंग्रजींतील कठीण शब्द पाठ कसे करावे, हा प्रश्न वरच्या इयत्तांतील विद्यार्थी व त्यांचे पालक शिक्षकांस वारंवार विचारितात. प्रश्न अगदीं योग्य आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमांतून शिकलेला विद्यार्थी कॉलेजांत पाऊल टाकतो, तेव्हां व्याकरणापेक्षां शब्दच त्याची वाट अधिक अडवितात. शास्त्राचें पुस्तक उघडावें, तों पहिल्याच पानावर पंधरावीस शब्द अनोळखी! शाळेंत पुढच्या बांकावर बसून उत्तरें देणारा मुलगा तेथें मुका होऊन बसतो, आणि आपणांस मुळीं बुद्धिच नाहीं असा त्याचा ग्रह होतो. कित्येक मुलें या एका कारणामुळें पहिल्याच वर्षीं शिक्षण सोडतात. ही आपत्ति टळावी म्हणून पालक कसेबसे पैसे उभे करून शब्दांचीं जाड जाड पुस्तकें विकत आणतात. मुलगा रोज वीस शब्द व त्यांच्यासमोर छापलेले वीस मराठी अर्थ घोकतो. महिन्याभरानें परीक्षा घ्यावी, तर निम्मे शब्द विसरलेले असतात आणि उरलेले निम्मे भलत्याच ठिकाणीं वापरले जातात.

माझ्या मतें 'पाठ कसे करावे' या विचारण्यांतच घोटाळा आहे. माणसाचें नांव पाठ झाल्यानें त्याची ओळख होत नाहीं. तो कोणाच्या घरचा, कोणांत वावरतो, कोठें शोभतो, हें कळावें लागतें. शब्दाचेंहि तसेंच आहे. आणि इंग्रजी शब्दांची अशी ओळख करून घेण्याचें एक उत्तम साधन मराठी मुलांच्या घरांतच आहे, परंतु तिकडे आपण ढुंकूनहि पाहत नाहीं. तें साधन म्हणजे त्यांची मातृभाषा.

आधीं हे शब्द कठीण कां वाटतात तें पाहूं. इंग्रजी ही मूळची अँग्लो-सॅक्सन लोकांची बोली. इ. स. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकिलें, आणि पुढें तीनशें वर्षांच्या सुमारास दरबारांत व न्यायसभेंत फ्रेंच भाषेचें प्राबल्य राहिलें. धर्म व विद्या यांचा व्यवहार लॅटिनमध्यें चाले. त्यामुळें घरांतले व शेतांतले शब्द सॅक्सन राहिले आणि दरबारी व पुस्तकी शब्द फ्रेंच-लॅटिन झाले. कुरणांत चरतें तोंवर मेंढरूं 'शीप' असतें, ताटांत वाढलें कीं तें 'मटन' होतें. कारण राखणारा सॅक्सन होता आणि जेवणारा नॉर्मन! 'आस्क' म्हणजे साधें विचारणें, 'क्वेश्चन' म्हणजे जाब विचारणें, आणि 'इंटरॉगेट' म्हणजे पोलिसानें आरोपीची कसून चौकशी करणें. तिन्ही शब्दांचा अर्थ 'विचारणें' असा लिहून ठेविला, तर अर्थ लिहिला असें होतें काय?

आपल्या भाषेंतहि नेमकी हीच व्यवस्था आहे. तहान लागली म्हणजे आपण पाणी मागतों, जल मागत नाहीं. पण धरणाच्या सांठ्यास 'जलाशय' म्हणतों, 'पाणीआशय' म्हणत नाहीं. हात घरगुती, हस्ताक्षर पुस्तकी. दांत घरगुती, दंतवैद्य पुस्तकी. हा भेद चौथींतल्या मुलासहि न शिकवितां कळतो. फरक एवढाच कीं, आपल्याकडे हात आणि हस्त यांचा चेहरा मिळताजुळता असल्यामुळें नातें लपत नाहीं. इंग्रजींत नाम एका घरचें आणि विशेषण दुसऱ्या घरचें असा प्रकार फार. दांत 'टूथ', पण दांतासंबंधीं तें 'डेंटल'. डोळा 'आय', पण डोळ्यासंबंधीं तें 'ऑक्युलर'. सूर्य 'सन', सूर्यासंबंधीं 'सोलर'. बाप 'फादर', पण बापाकडील तें 'पॅटर्नल'. मूल प्रत्येक वेळीं नवा शब्द आला म्हणून घाबरतें.

पण या पुस्तकी शब्दांकडे नीट पाहा. 'डेंटल'मध्यें आपला दंत दिसत नाहीं काय? 'पॅटर्नल'मध्यें पितृ, 'मॅटर्नल'मध्यें मातृ, 'फ्रॅटर्नल'मध्यें भ्रातृ, 'मॉर्टल'मध्यें मृत, 'नॉव्हिस' म्हणजे नवशिक्या या शब्दांत नव. हें साम्य योगायोगाचें नाहीं. इ. स. १७८६ मध्यें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें भाषण करितांना सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्या असें मत मांडिलें, आणि पुढच्या शतकांतील पंडितांनीं नियमवार तुलना करून तें सिद्ध केलें. म्हणजे इंग्रजीचा जो भाग आपल्या मुलांस सर्वांत परका वाटतो, तोच दूरच्या नात्यानें त्यांच्या अधिक जवळचा आहे.

उपसर्गांचें तर विचारूंच नका. ग्रीकचा 'यू' हा आपला 'सु', ग्रीकचा 'डिस्' हा आपला 'दुस्', आणि 'पेरि' हा आपला 'परि'. भूमितींत मुलें 'पेरिमीटर' म्हणजे परिमिति असें शिकतात. तेथें 'पेरि' व 'परि' एक आहेतच, पण 'मीटर' आणि 'मिति' यांचीहि सोयरीक आहे, कारण दोहोंच्या मुळाशीं मोजणें आहे. 'डिसेंट्री' म्हणजे आंव. शब्द फोडला तर 'दुस्' आणि 'अंत्र', म्हणजे आंतड्यांचें दुखणें. 'युफनी' म्हणजे सुस्वरता. 'युलॉजी' म्हणजे चांगलें बोलणें, म्हणजेच स्तुति. आणि मृत मनुष्याविषयीं चार चांगले शब्द बोलतात त्यालाहि हेंच नांव आहे. 'इव्हँजेलिस्ट' या शब्दाच्या आरंभींहि तोच 'यू' आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सु-वार्ता, आणि आपल्या पूर्वीच्या भाषांतरकारांनीं त्यासाठीं 'शुभवर्तमान' हा शब्द योजिला तो किती चपखल आहे, हें आतां ध्यानांत येईल. 'ॲनार्की' म्हणजे अराजक. तेथें आरंभींचा 'अन्' हा नकार आपलाच आहे.

मात्र येथें सावधगिरी पाहिजे, कारण नुसत्या आवाजावरून नातीं जुळविण्याचा छंद लवकर जडतो. 'डिसेंट्री'मधील 'डिस्' आणि 'डिसऑनेस्ट'मधील 'डिस्' कानास सारखेच लागतात, पण पहिला ग्रीक व दुसरा लॅटिन; पहिल्यांत 'वाय' लिहितात, दुसऱ्यांत 'आय'. दुसऱ्याचा अर्थ वेगळें होणें, उलट होणें असा आहे. याहून मोठी गंमत 'थिऑलॉजी'ची. त्यांतील ग्रीक 'थिऑस' म्हणजे देव, तेव्हां 'थिऑस' व 'देव' हे एकच, असें कोणासहि वाटेल; परंतु भाषाशास्त्र्यांच्या मतें त्यांचा कांहीं संबंध नाहीं. आपल्या 'देव' शब्दाचे खरे भाऊबंद 'डिव्हाइन' व 'डीइटी' हे आहेत. म्हणून कोशांत पाहिल्यावांचून नातें लावूं नये.

आतां एकच कुटुंब घेऊन त्याच्या घरांत थोडें बसूं. लॅटिनमध्यें 'ग्रेक्स' म्हणजे मेंढरांचा कळप. त्यापासून 'काँग्रिगेशन' झालें, म्हणजे एकत्र आलेला कळप. उपासनेस जमलेल्या मंडळीस तें नांव मिळालें. त्या मंडळीच्या पाळकास 'पास्टर' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ मेंढपाळ, म्हणजे शब्दांतहि कळप व मेंढपाळ यांची जोडी फुटलेली नाहीं. 'सेग्रिगेट' म्हणजे कळपापासून बाजूस काढणें. ओला कचरा व सुका कचरा वेगळा ठेवा असें नगरपालिका सांगते, तेव्हां हाच शब्द वापरते, आणि काळ्या-गोऱ्यांस वेगळे ठेवण्याची जी दुष्ट चाल अमेरिकेंत होती तिचेंहि नांव यावरूनच पडलें. 'ॲग्रिगेट' म्हणजे कळपांत आणून मिळविणें. परीक्षेंतील सर्व विषयांच्या गुणांची बेरीज ती ही. 'ग्रिगेरिअस' म्हणजे कळपानें राहणारा. माणसाविषयीं म्हटलें तर चारचौघांत रमणारा. राहिला 'इग्रीजिअस'. हा कळपाबाहेर उठून दिसणारा. सोळाव्या शतकांत तो स्तुतिपर होता, नामांकित अशा अर्थी. पुढें उपहासानें वापरतां वापरतां तो पुरता उलटला, आणि आज त्याचा अर्थ ठळकपणें वाईट, घोर असा आहे. धातु पाहून एखाद्यानें मुख्याध्यापकांस उद्देशून 'इग्रीजिअस' असें विशेषण लिहिलें, तर काय प्रसंग ओढवेल! मूळ धातूवरून शब्दाचें जन्मगांव कळतें. त्याची आजची वागणूक मात्र आजच्या लेखनांतच पाहावी लागते.

मराठी प्रतिशब्दावरहि डोळे मिटून विसंबतां येत नाहीं. 'स्केपगोट' हा शब्द विल्यम टिंडल यानें १५३० मध्यें छापलेल्या आपल्या पंचग्रंथाच्या भाषांतरांत घडविला. आपल्याकडे त्याचा अर्थ 'बळीचा बकरा' असा सरसकट देतात. पण लेवीयच्या सोळाव्या अध्यायांत बकरे दोन आहेत. एकाचा बळी देतात; दुसऱ्याच्या मस्तकीं लोकांचीं पापें ठेवून त्यास जिवंत रानांत सोडून देतात. 'स्केपगोट' तो हा दुसरा! दुसऱ्यांचा दोष ज्याच्या माथीं मारिला जातो तो, असा चार शब्दांत अर्थ लिहिला, तर शब्द हातीं लागतो.

उलट कधीं कधीं मराठीच आपणांस वांचविते. 'प्रॉडिगल' शब्दाचा अर्थ विचारला, तर इंग्रजी माध्यमांतील पुष्कळ मुलें 'हरवलेला' किंवा 'परत आलेला' असा सांगतात, कारण लूकच्या पंधराव्या अध्यायांतील मुलगा हरवतो व परत येतो. मराठींत त्या दृष्टान्तास 'उधळ्या पुत्राचा दृष्टान्त' म्हणतात, आणि 'प्रॉडिगल'चा खरा अर्थ उधळ्या हाच. 'टॅलेंट' हें तर मूळ चांदीसोन्याचें वजन. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत धनी परदेशीं जातांना चाकरांजवळ पांच, दोन व एक असे टॅलेंट ठेवून जातो. त्या दृष्टान्तावर शतकानुशतकें उपदेश होतां होतां इंग्रजींत 'टॅलेंट' म्हणजे देवानें सोंपविलेली अंगची बुद्धि असा अर्थ रूढ झाला, आणि वजन विसरलें गेलें.

याच ग्रंथांतील 'शिबोलेथ' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य शिकावा. शास्त्यांच्या बाराव्या अध्यायांत यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोक उभे राहतात, आणि येणाऱ्या प्रत्येकास हा शब्द उच्चारावयास लावितात. एफ्राइमी लोकांस 'श' म्हणतां येत नसे. 'सिबोलेथ' म्हणाला कीं त्यास ठार करीत. बेचाळीस हजार पडले, असें तेथें लिहिलें आहे. आपला कोण व परका कोण हें ओळखण्यासाठीं लावलेली खूण, असा आज त्या शब्दाचा अर्थ. आमच्या देशांत इंग्रजी उच्चारांचें शिबोलेथ झालेलें आहे हें मी स्पष्टच म्हणतों. खेड्यांतून आलेल्या मुलीनें एक शब्द चुकीचा उच्चारला कीं शहरांतलीं मुलें हंसतात, आणि ती पुन्हा वर्षभर तोंड उघडीत नाहीं. उच्चार शुद्ध असावा हें खरें, व त्यासाठीं कष्टहि घ्यावे. पण अनोळखी शब्द पुस्तकांतून स्वतः वाचून जिनें मिळविला, तिचाच उच्चार बहुधा चुकतो, हें हंसणाऱ्यांस कोणी सांगावें?

जवळजवळच्या अर्थांचे शब्द हा सर्वांत अवघड भाग, आणि येथें मराठीची खरी कसोटी लागते. 'चाइल्डिश' व 'चाइल्डलाइक' यांसमोर कोशांत 'मुलासारखा' असें दिसेल. पण मराठींत बालिश ही निंदा आणि बालसुलभ किंवा निरागस ही स्तुति, हा भेद ज्यास मुळांत कळतो, त्यास इंग्रजी जोडी एका वाक्यांत समजते. 'फ्रुगल' म्हणजे काटकसरी, 'मायजर्ली' म्हणजे कंजूष. 'इन्जीनिअस' म्हणजे कल्पक, 'इन्जेन्युअस' म्हणजे भोळा, निष्कपट. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे कंटाळलेला नव्हे. ज्याचा स्वतःचा कांहीं स्वार्थ गुंतलेला नाहीं असा, म्हणून निःपक्षपाती. ज्या मुलापाशीं मराठींत या सर्वांसाठीं 'चांगला' आणि 'वाईट' असे दोनच शब्द आहेत, त्यानें हे पांच नवे शब्द कोणत्या खणांत ठेवावे? म्हणून इंग्रजी सुधारावें या हेतूनें जे पालक घरांतील मराठी पुस्तकें बाहेर काढून टाकतात, ते मुलाच्या हातांतील दिवाच काढून घेतात असें मला वाटतें.

शब्दांची संगतहि पाहावी. आपण चूक करितों, गुन्हा करितों, उपकार करितों. एक 'करणें' सर्वत्र चालतें. इंग्रजींत चुकीस 'मेक', गुन्ह्यास 'कमिट' आणि उपकारास 'डू' लागतें. याला कारण विचारूं नये. आपण तरी पाऊस मुसळधार म्हणतों, ऊन मुसळधार कां म्हणत नाहीं?

किती शब्द आले म्हणजे पुरे, असें पालक विचारितात. ढाक्यास अध्यापनाचें काम केलेले मायकेल वेस्ट यांनीं १९५३ मध्यें नित्याच्या सुमारें २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या लेखनांतील बहुतेक शब्द तेवढ्यांत येतात. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनीं २००० सालीं कॉलेजच्या पुस्तकांत वारंवार येणारीं ५७० शब्दकुटुंबें निवडून काढिलीं. त्याच देशाचे पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या गणनेप्रमाणें कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीवांचून वाचण्यास आठ ते नऊ हजार कुटुंबें लागतात. तेव्हां पहिले दोन हजार पक्के नसतांना 'इग्रीजिअस'मागें धावूं नये. त्यानंतर कॉक्सहेड यांची निवड घ्यावी. आठवड्यास दहाच शब्द, पण कुटुंबासह, असें ठेविलें, तर चाळीस आठवड्यांच्या शालेय वर्षांत चारशें होतात, आणि आठवीपासून दहावीपर्यंत बाराशें. हें थोडें नव्हे.

कोश कोणता, हेंहि सांगावें लागेल. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें निघाला व १८५७ मध्यें त्याची वाढविलेली आवृत्ति झाली; बाबा पदमनजी यांनीं १८६३ मध्यें त्याचा संक्षेप केला. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला आणि मेजर कँडी यांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. हे आजहि पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांत एका शब्दास एक अर्थ देऊन मोकळे होण्याची घाई नाहीं. परंतु रोजच्या कामास ए. एस. हॉर्नबी यांच्या परंपरेंतील विद्यार्थिकोश बरा. हॉर्नबी जपानांत इंग्रजी शिकवीत असत. परभाषी विद्यार्थी कोठें अडखळतो हें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. त्यांचा कोश प्रथम १९४२ मध्यें टोकियोस छापला गेला. शब्द वाक्यांत कसा बसतो, हें त्यांत सोप्या इंग्रजींत दाखविलेलें असतें. फोनमध्येंहि अर्थ क्षणांत दिसतो. पण जो क्षणांत दिसतो तो बहुधा क्षणांतच जातो, असा वर्गांतला अनुभव आहे.

म्हणून वही ठेवावी. शब्द ज्या वाक्यांत भेटला तें वाक्य प्रथम उतरून घ्यावें. त्याखालीं मराठींत दोन ओळींचें स्पष्टीकरण, त्याचे भाऊबंद, आणि ज्याच्याशीं घोटाळा होईल असा एक शेजारी. मग स्वतःचें एक वाक्य. जर्मन पंडित एबिंगहाउस यानें १८८५ मध्यें स्वतःवर प्रयोग करून दाखविलें कीं, विसरण्याचा वेग आरंभीं सर्वांत अधिक असतो. तेव्हां नवा शब्द दुसऱ्याच दिवशीं पाहावा, मग आठवड्यानें, मग महिन्यानें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं चारशें शब्द पाहण्यांत अर्थ नाहीं.

शिकलेला प्रत्येक शब्द निबंधांत कोंबलाच पाहिजे असें नाहीं. शेरिडनच्या १७७५ सालच्या नाटकांत मिसेस मॅलाप्रॉप नांवाची बाई मोठमोठे शब्द चुकीच्या जागीं वापरून हंसें करून घेते, आणि अशा चुकीस इंग्रजींत तिचेंच नांव पडलें आहे. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, तें त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्यें बाहेर आलें. 'पंडिता' ही पदवी मिळविलेल्या त्या विदुषीनें भाषा निवडली ती खेड्यांतील बायांस कळेल अशी.

आतां राहिले ते ज्यांस स्वतःस इंग्रजी येत नाहीं असे आईबाप. यांत आपला कांहीं उपयोग नाहीं असें ते समजतात. वस्तुतः हें काम तेच उत्तम करूं शकतात. रविवारीं दुपारीं मुलीची वही घेऊन बसावें, आणि बोट ठेवून विचारावें: हा शब्द मला मराठींत समजावून सांग, एका शब्दांत नको, उदाहरण दे, याच्यासारखा दुसरा कोणता, आणि त्यांत फरक काय? आईस जें समजलें, तें मुलीस खरोखर आलें आहे असें धरावें. ती अडखळली तर रागावूं नये. शब्दापुढें पेन्सिलीनें एक ठिपका द्यावा, आणि पुढच्या रविवारीं तोच शब्द प्रथम विचारावा.